जमनी, वाढा

आमच्या आजोळी लग्नाची भाजी चुलीवरून उतरली की पहिला नैवेद्य देवाला जायचा आणि दुसरा उखामामांना. देवाने भाजीबद्दल कधी तक्रार केल्याचं कुणाला आठवत नाही. उखामामा करायचे. त्यामुळे आचारी देवाला भीत नसे, मामांना भीत असे. मांडवामागे वांग्याची घोटलेली भाजी रटरटत असायची, शेजारी तळलेल्या बट्ट्यांचा ढीग, पंगत बसलेली, ताटं मांडलेली, वाढपी बादल्या घेऊन ताटकळलेले. मामा सावकाश यायचे. गालातली तंबाखू थुंकायचे, तांब्याभर पाण्याने खळखळून चूळ भरायचे आणि उजवा तळवा पुढे करायचे. चमच्याने त्यांनी कधी चव घेतली नाही. "लोखंडनी चव लागस," म्हणायचे. तळव्याच्या खोलग्यात आचारी पळीने भाजी टाकायचा, मामा ती जिभेने उचलायचे, डोळे मिटायचे, जीभ टाळूला लावून एकदा टक्क वाजवायचे. मग निकाल लागायचा. "जमनी. वाढा."

जमनी म्हणजे जमली. आमची अहिराणी अशीच आहे, कमी शब्दांत काम भागवणारी. 'जमनी' ऐकलं की बादल्या हलायच्या. कधी मामा म्हणायचे, "मिरची झोपेल शे, जागाडा तिले," मग आचारी निमूटपणे मिरचीचा वाटा वाढवायचा आणि पाचशे माणूस तोवर रिकाम्या ताटासमोर बसून राहायचं. हा मान मामांकडे कसा आला ते मला माहीत नाही. त्यांच्या आधी गावातले एक म्हातारे चव बघायचे, ते गेल्यावर लोकांनी मामांना पुढे केलं एवढंच ऐकलंय. ते काही आचारी नव्हते. पांझरेकाठी थोडी कपाशी, थोडी ज्वारी, दोन बैल, असा साधा संसार. लग्नघरून नारळ आणि टोपी मिळायची. घरी टोप्यांची उतरंड होती, आणि मामा मात्र कायम त्यातली सगळ्यात जुनी घालून हिंडायचे.

उखा हे नाव त्यांना हौसेने कुणी ठेवलेलं नव्हतं. आजीची त्यांच्या आधीची दोन मुलं गेली. तिसरा झाल्यावर त्याला जन्मल्या जन्मल्या उकिरड्यावर ठेवून उचलून आणलं आणि नाव ठेवलं उखा. उकिरड्यावरच्या पोराकडे यमाचं लक्ष जात नाही, अशी आमच्याकडची समजूत. दगडू, धुडकू, भिका ही सगळी अशीच राखलेली पोरं. मामांचा या नावावर फार भरवसा. जरा तब्येतीचं काढलं की म्हणायचे, "मन्हं नाव उखा शे, मंगल. मन्ही मायनी इचार करीसन ठेयेल शे. उकिरडावर कोन पाय ठेवस?" मंगल म्हणजे मी, त्यांची भाची. बोदवडला शाळेत शिकवते. मामा म्हणायचे, शिकवून शिकवून तुझी बोली पुस्तकी झाली, तुझ्याशी बोलताना निबंध ऐकल्यासारखं वाटतं.

आता जरा स्पष्टच सांगते. आमच्या आजोळी पुरुष आजारी पडत नसत, एकदम मरत. माझ्या आजोबांना रक्तदाबाची गोळी दिलेली. गोळी एकदा लागली की सुटत नाही म्हणून त्यांनी ती लागूच दिली नाही. वखरामागे चालता चालता आडवे झाले. धाकट्या मामांना लघवीचा त्रास होता. लाज वाटते म्हणून बायकोलाही सांगितलं नाही, पाणी पिणंच कमी केलं. किडन्या गेल्या तेव्हा घरादाराला कळलं. पुरुषाला दवाखाना दोनदाच, एकदा लहानपणी टोचायला आणि एकदा शेवटी दाखला आणायला. मधली सगळी वर्षं तो धडधाकट. बायका मात्र मळमळलं तरी तपासणीला जायच्या, निदान बाळंतपणांनी तरी त्यांना दवाखान्याचा उंबरठा दाखवलेला. मी हे बोलले की माझी आई म्हणायची, तुझ्या जिभेला हाड नाही. नसेल. पण मी रडून रडून सांगितलेलं कुणी ऐकलं का, तर तेही नाही.

उखामामांनी तर याचं शास्त्रच केलं होतं. ओट्यावर बसून, डाव्या तळव्यावर तंबाखू-चुना मळत ते सांगायचे, "तरना गडीनं दुखनं म्हणजे नखरा. पन्नाशीनं दुखनं म्हणजे वय. आनि त्याना फुडलं दुखनं म्हणजे वरतीनं बलावनं." मी विचारलं, "मग दवाखान्यात जायचं वय कोणतं, मामा?" त्यांनी चिमूट गालात सरकवली, हसले आणि म्हणाले, "ते बायास्नं काम शे." ही तंबाखू त्यांना त्यांच्या वडिलांनीच दिलेली. मिसरूड फुटायच्या आधी दाढ दुखली म्हणून. दाढ राहिली नाही, तंबाखू राहिली. डाव्या गालात, कायमची, झोपेतसुद्धा.

मला पहिल्यांदा धस्स झालं ते मामीच्या एका फोनने. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि ती सहज बोलल्यासारखं म्हणाली, "तुन्हा मामा आते मिरची खातस नही." ज्याला खानदेश माहीत नाही त्याला यात काही वाटणार नाही. आमच्याकडे पोराला दात आले की त्याच्या भाकरीला ठेचा लागतो. पाहुण्याच्या नाकातून पाणी आलं नाही तर घरचे ओशाळतात. आणि उखामामा तर तव्यावर भाजलेली मिरची नुसती मिठाशी खाणारे. मी विचारलं, "मग काय खातात?" ती म्हणाली, "भाकर दूधमा कुस्करतस. दाढ टोचस म्हनतस."

त्याच उन्हाळ्यात गावात एक मोठं लग्न झालं. मीही गेले होते. भाजी उतरली, मामांनी चूळ भरली, तळवा पुढे केला, भाजी जिभेवर घेतली. डोळे मिटले ते जरा जास्तच वेळ. मग म्हणाले, "तिखट जास्त शे. दाना टाका." आचारी चकित झाला, पण मामांपुढे कोण बोलणार. भाजलेल्या शेंगदाण्याचा कूट पडला, पाणी पडलं. पंगत जेवायला बसली आणि दहा घासांत कुजबुज सुरू झाली. भाजी अळणी नव्हती, पण झोपलेली होती, मामांच्याच भाषेत. वऱ्हाडातल्या एकाने मोठ्याने विचारलं, "उखाभाऊ, भाजी पंगतनी शे का बाळंतीणनी?" सगळा मांडव हसला. मामाही हसले. पण त्या दिवशी ते जेवले नाहीत, आणि मिळालेली टोपी तिथेच खुर्चीवर विसरून आले.

पुढच्या लग्नात त्यांनी जे केलं ते फक्त मी बघितलं, कारण मी त्यांच्या तोंडाकडेच बघत होते. तळव्यावर भाजी घेतली, तळवा तोंडाशी नेला, ओठ मिटलेलेच ठेवले. टक्क वाजवलं. "जमनी. वाढा." आणि वळून हात गमछ्याला पुसला. भाजी चाखलीच नव्हती. तेलाचा तवंग आणि वास यांवरून त्यांनी अंदाज बांधला होता, आणि बरोबर बांधला होता. लोकांनी बोटं चाटून खाल्ली. मामा पुन्हा ताठ झाले. मांडवामागे गाठून मी म्हटलं, "मामा, तोंड उघडा. बघू द्या मला." ते म्हणाले, "तू काय डागदर शे का?" मी म्हटलं, "नाही. म्हणून तर डॉक्टरकडे चला म्हणते." त्यांनी इकडेतिकडे बघितलं, कुणी ऐकत तर नाही ना ते, आणि हळू आवाजात म्हणाले, "गडी मानूसना तोंडले मिरची लागस, हाई सांगू कोनले? गाव हाससे ना." मग लगेच नेहमीचा सूर, "इतलं लगन व्हई जाऊ दे. मंग जाऊत."

'इतलं व्हई जाऊ दे.' एवढं होऊन जाऊ दे. या वाक्याने माझा पिच्छा पुरवला. इतलं लगन व्हई जाऊ दे, मग इतली पेरणी, मग इतला पोळा, मग इतली वेचणी. बोदवडहून गाडीने जळगाव, तिथून सुरत लाइनची गाडी धरून अमळनेर, पुढे एसटी, असा माझा फेरा सुरू झाला. दर रजेला जायचे, भांडायचे, हात जोडायचे, यायचे. एकदा मामीने त्यांना उन्हात ओट्यावर बसवलं आणि त्यांच्या गळ्याची शपथ घालून तोंड उघडायला लावलं. पुरतं उघडलंच नाही. जेवढं उघडलं त्यात डाव्या गालाच्या आत पांढरा चट्टा दिसला आणि त्याच्या मधोमध लाल, कडा उचललेली जखम. मामी मागे सरकली. मामा म्हणाले, "दाढ घासाई राहिनी." तालुक्याला जाऊन त्यांनी ती दाढ काढून घेतली. जखम तशीच. मग हळद-लोणी झालं, तुरटी झाली, मेडिकलवाल्याची मलमाची नळी झाली, एका भगताचा अंगारा झाला. या सगळ्याला त्यांना वेळ होता, फक्त धुळ्याला जायला नव्हता.

शेवटी मी त्यांना फसवलं. माझ्या मैत्रिणीच्या मुलीचं धुळ्याला लग्न आहे, आचारी नवखा आहे, चव बघायला तुम्ही हवे आहात, असं सांगितलं. त्यांनी धुवट नेहरू शर्ट घातला, त्या उतरंडीतली नवी टोपी काढली. बसमध्ये मला विचारत होते, वांगी कुठली आणलीत, हिरवी काटेरी की जांभळी. मी उत्तरं देत होते. स्टँडवर उतरल्यावर त्यांनी नळावर चूळ भरली, आतापासूनच. रिक्षा सरकारी दवाखान्याच्या फाटकाशी थांबली तेव्हा त्यांनी पाटी वाचली, एकेक अक्षर लावत. मग वळले आणि चालत परत स्टँडवर गेले. मी मागोमाग.

बाकावर आम्ही शेजारी शेजारी बसलो. बस यायला वेळ होता. ते म्हणाले, "मंगल, लगननं नाव लईसन खोटं बोलू नही."

"खरं बोलले तर येता का तुम्ही?"

समोर एक बाई पोराला काकडी सोलून देत होती, तिकडे ते बघत राहिले. मग म्हणाले, "भ्याव वाटस."

मामांच्या तोंडून हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. मी विचारलं, कशाची भीती, तुकडा काढतात त्याची का. कात्री लागली की रोग पसरतो असं गावात सगळेच म्हणतात. मी समजावू लागले की तसं नसतं, तुकडा तपासल्याशिवाय इलाज ठरत नाही. त्यांनी मान हलवली. "कात्रीनं भ्याव नही. त्या नाव ठेवतीन ना त्याले. आते ते नुसतं दुखनं शे. एकदा नाव ठेयं का मंग त्याले घर भेटनं. मंग ते जास नही." ज्याला आईने नावाच्या जोरावर जगवलं, त्याला नावाचं भय वाटणार नाही तर कुणाला वाटणार. पण मला तेव्हा रागच आला होता. मी म्हटलं, "मामा, नाव न ठेवलेलं पोरही वाढतंच." बस लागली तेव्हा उठताना ते म्हणाले, "इतली लगनसराई व्हई जाऊ दे. तू म्हनशी तठे येसू."

ती लग्नसराई झाली. पुढच्या दिवाळीच्या तोंडावर दाढी करताना न्हाव्याच्या हाताला मानेतली गाठ लागली. न्हावी म्हणाला, उखाभाऊ, हे बरं नाही. मी, मामी, माझी आई घसा फोडून सांगत होतो ते नाही, न्हाव्याचं ऐकलं. चार लोकांत बोलला म्हणून असेल. दुसऱ्या दिवशी मामा आपणहून म्हणाले, "मंगलले बलावा."

दवाखान्यात तपासायला एक तरुण डॉक्टरीणबाई होती. तिने विचारलं, "कधीपासून आहे, आजोबा?" मामा म्हणाले, "परवापासून." तेव्हा मात्र आयुष्यभर खालच्या मानेने जगलेली माझी मामी ताडकन बोलली, "मागला सालना उन्हायाना आगोदरपासून. मिरची सोडी तवपासून." बाईने बॅटरी लावली, बराच वेळ बघितलं, मग आपली तीन बोटं एकावर एक ठेवून दाखवली. म्हणाली, निरोगी माणसाच्या दातांमध्ये एवढी उभी जागा व्हायला हवी. मामांच्या तोंडात एक बोट कसंबसं गेलं. ती म्हणाली, "तिखट झोंबायला लागलं तेव्हाच आला असता तर..." आणि वाक्य तिथेच सोडून कागद ओढला. मग दारात उभ्या असलेल्या आमच्या माणसांकडे बघून म्हणाली, "यांच्या घरात तंबाखू-पुडी खाणारे जे कोण असतील त्यांनी आजच तोंड दाखवून जा. तरुण असलात तरी. तरुण असलात तर आधी." मामांचा मुलगा गोकुळ माझ्या शेजारी उभा होता. पंचविशीचा, पिकअप चालवतो, शाळेपासून पुडी खातो. तो म्हणाला, "मी चहा लई येस." चहा आला तोवर तपासणी बंद झालेली होती.

नाव ठेवलं गेलं. ते काय होतं हे सांगायला नकोच. ऑपरेशनमध्ये डावा गाल आणि जबड्याचा तुकडा गेला, मानेतल्या गाठी काढल्या. मग किरणांचे शेक झाले. त्या शेकाने तोंड आतून सोलवटून निघालं, लाळ आटली, चव गेली. नाकातून नळी घातली. मामी त्यातून वरणाचं पाणी सोडायची, रोज, गाळून गाळून, आणि सोडताना विचारायची, "मीठ बराबर शे का?" सवयीने. मग तिच्या लक्षात यायचं आणि ती पदर तोंडाला लावायची. मी बघितलंय ते.

एका दुपारी मामांनी खुणेने मामीला भाजी करायला सांगितली. वांगी भाजून, घोटून, मिरचीचं वाटण घालून. तिने केली. घरभर वास सुटला. मामांनी उजवा तळवा पुढे केला. आम्ही एकमेकींकडे बघितलं, मग मामीने चिमूटभर भाजी तळव्यावर ठेवली. त्यांनी जीभ लावली. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. झोंबलं असणार, डोळ्यांतून पाणी आलं, पण चेहऱ्यावर वाट बघितल्यासारखं काहीतरी होतं, काही उमटतंय का असं. टक्क वाजवायला गेले, वाजलं नाही. मग त्या फाटक्या आवाजात, आम्हाला दोघींनाच कळेल अशा, म्हणाले, "माती." आणि हात पुसून भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर लग्नघरची माणसं मानाने भाजीची वाटी घेऊन दारी यायची, तर ते आत उठून जायचे.

आता त्यांचा जीव एकाच गोष्टीत अडकला होता, गोकुळमध्ये. बोलणं जवळजवळ बंदच झालं होतं, पण पोरगा जवळ आला की ते त्याच्या शर्टाच्या खिशाकडे बोट दाखवायचे. गोकुळ हसून टाळायचा, "सोडी दिन्ही, आबा." खिशात पुड्यांची माळ असायची. एक दिवस मामी नळीतून पाणी सोडायला बसली तर मामांनी नळी मुठीत धरून ठेवली. सोडेनात. सकाळ गेली, दुपार गेली, पोटात थेंब नाही. मामी रडायला लागली, गल्लीतली माणसं जमली. मी गोकुळला गाडीवरून बोलावून घेतलं. मामांनी त्याच्या खिशाकडे बघितलं आणि आपल्या नळीकडे. पोरगा समजला. त्याने सगळ्या पुड्या काढून चुलीत टाकल्या आणि बापाच्या पायावर हात ठेवून म्हणाला, "तुन्ही आन, आबा. धुळाले जाईसन तोंड बी दखाडस." मामांनी मूठ सोडली. त्या दिवशी माझ्या मनाला फार दिवसांनी जरा बरं वाटलं.

मामा कपाशीच्या पेरणीच्या दिवसांत गेले. शेवटचे काही दिवस वेदना फार होत्या, ते मी लिहीत नाही. गोकुळचा हात त्यांच्या हातात होता. पोराने शब्द दिलाय म्हणून ते गेले, असं मामी म्हणाली. मीही तेच मानलं.

गंधमुक्तीला, म्हणजे दिवसकार्याच्या जेवणाला, सगळं गाव आलं होतं. मांडव, चूल, तीच कढई. वरण-बट्टी आणि वांग्याची घोटलेली भाजी, कारण मामांच्या नावाने दुसरं काही करणं कुणाच्या मनातच आलं नाही. भाजी उतरली. नैवेद्य गेला. पंगत बसली, वाढपी बादल्या घेऊन उभे राहिले आणि कुणी हलेना. आचारी पळी धरून नुसता उभा. कुणीतरी म्हणालं, "आते चव कोन दखी?" गावातल्या एका जाणत्याने गोकुळचा दंड धरला. "त्यानाच पोऱ्या शे. तोच दखी." गोकुळचं मुंडण झालेलं, डोक्यावर नवी टोपी. उतरंडीतलीच असावी. तो नको नको म्हणत होता. पण गावाने पुढे केलेल्याला मागे सरता येत नाही.

त्याने चूळ भरली, बापासारखीच. तळवा पुढे केला. आचाऱ्याने भाजी टाकली. त्याने ती जिभेवर घेतली, डोळे मिटले, आणि मिटलेल्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. ओठ दाबून धरले होते, मानेच्या शिरा वर आल्या होत्या. कसंबसं गिळलं आणि म्हणाला, "जमनी. वाढा."

बायकांनी पदर डोळ्यांना लावले. म्हातारे टोप्या काढून डोळे पुसू लागले. "बापनी याद उनी पोऱ्याले," माझ्या शेजारची बाई म्हणाली. बादल्या हलल्या, वाढपी धावले, पंगतीत भाजी पडू लागली. मीही थोडी बोटावर घेऊन चाखली. भाजी तिखट नव्हती. गाव दुःखात म्हणून आचाऱ्याने हात राखूनच मिरची टाकली होती. शाळेतल्या पोरांनीही ती खाल्ली असती.

मी पंगत ओलांडून गेले. गोकुळ चुलीमागे तांब्याने पाणी पीत होता, घटाघटा, तोंडात घोळवून घोळवून. मी म्हटलं, "गोकुळ, तोंड उघड."

"काय, अक्का, आठे..."

"उघड म्हणते ना."

त्याने उघडलं. अर्ध्यावर आलं आणि थांबलं. मी डॉक्टरीणबाईने दाखवली होती तशी बोटं एकावर एक ठेवली. तिसऱ्या बोटाला जागाच नव्हती, दुसरंही दाताला घासलं. आत गालाला पांढुरकी, ताणलेली कातडी. श्वासाला पुडीचा वास होता, आजचाच.

"धुळ्याला गेला होतास?"

त्याने मान खाली घातली. मी त्याचं मनगट धरलं. म्हटलं, "चल. तुझीच गाडी काढ. आत्ता."

त्याने पंगतीकडे बघितलं. चार माणसं त्याच्याकडे बघत होती, यजमान म्हणून त्याने आग्रहाला फिरायला हवं होतं. डोळे अजून ओले होते. अगदी बापाच्या आवाजात, अगदी त्याच अजिजीने तो म्हणाला, "अक्का, इतली पंगत उठी जाऊ दे. मंग जाऊत."

मी त्याचं मनगट सोडलं नाही.